वडिलांना जेवायला कुठं न्यावं

लातूरला किंवा नांदेडला बदलून आलेलं माणूस अजूनही पहिल्या आठवड्यात माझ्या टेबलाशी येतं आणि जेवायची सोय कुठं बरी ते विचारतं. मी यादी काढून देते. यादीत रुपये लिहिलेले नसतात, कारण रुपये वर्षभरात खोटे ठरतात. मी तारखा लिहिते: एक ते दहा, दहा ते वीस, वीसच्या पुढं. पगारी माणसाची ऐपत महिन्यातून तीनदा बदलते हे मला नोकरीच्या पहिल्याच वर्षी कळलं आणि तेव्हापासून ही पद्धत मी मोडलेली नाही.

ती बसवली तेव्हा लातूर जिल्हा नवा होता. ऑफिस भाड्याच्या इमारतीत, फायली लोखंडी ट्रंकांतून आलेल्या, खुर्च्या माणसांपेक्षा कमी. नव्या जिल्ह्याला माणसं हवी होती म्हणून चहूकडून पाठवली गेली, तशी नांदेडहून आम्हा काही जणांची रवानगी झाली. मी चोविशीची, कनिष्ठ लिपिक. माझ्याबरोबर दुसऱ्या खात्यातली एक मुलगी होती, नांदेडच्या शिक्षकाच्या घरातली. आम्ही दोघींनी मिळून एक खोली घेतली. खोलीला नळ होता, पण पाणी नव्हतं. त्या दोन वर्षांत पावसानं ओढ दिली होती आणि टँकर कधी येईल ते टँकरवाल्यालाही माहीत नसायचं. आल्या पाण्यात आंघोळ, धुणं आणि पिणं भागवायचं, त्यात स्वयंपाकाची भांडी घासणं परवडत नव्हतं. बाहेर जेवणं ही आमची चैन नव्हती, पाण्याची बचत होती. लोकांना हे सांगितलं तर हसायचे. पण दोन माणसांच्या स्वयंपाकाची भांडी घासायला जेवढं पाणी लागतं तेवढ्यात आमचं एक दिवसाचं पिणं निघायचं. मी मोजून बघितलं होतं.

मग यादी सुरू झाली. नांदेडचा भाग आधी, कारण शनिवारी आम्ही घरी जायचो. कोणतीही तारीख: गुरुद्वाऱ्याचं लंगर, ओळीत बसा, डोकं झाका, दुसऱ्यांदा मागितलं तरी कुणी तोंड वाकडं करत नाही. वीसच्या पुढं: कॉलेजजवळच्या गाड्यावरचा सुशीला, म्हणजे भिजवून फोडणीला टाकलेले चुरमुरे, ते ताजे आहेत का ते आधी विचारा. एक ते दहा: स्टेशनसमोरची तहारी, तो तिखट मसालेभात, पण दुपारी एकच्या आत. लातूरला एक ते दहामध्ये मोठ्या रस्त्यावरचं पंख्याचं हॉटेल. दहा ते वीसमध्ये गंजगोलाईच्या मागच्या गल्ल्यांतल्या खानावळी. वीसच्या पुढं मोंढ्यातलं, म्हणजे धान्यबाजारातलं, झुणका-भाकर. हमालांची गर्दी ओसरल्यावर जा, झुणका संपलेला असतो पण खरवड मिळते, आणि ती झुणक्याहून चांगली असते. प्रत्येक जागेपुढं काय खावं, काय खाऊ नये, बायकांना बसायला आडोसा आहे की नाही, हे रकाने. आणि सगळ्यांत शेवटी एक बिननावाचा रकाना, त्यात काही जागांपुढं बरोबरची खूण.

खोलीतल्या मैत्रिणीनं त्या यादीची पुष्कळ थट्टा केली. नवऱ्याच्या घरी गेल्यावर सासूचीही अशीच तारीखवार नोंद ठेवणार का, म्हणून विचारायची. पण जेवायला निघताना यादी तीच काढायची. एकदा तिनं शेवटच्या रकान्याबद्दल विचारलं. स्वच्छतेची खूण आहे, असं मी सांगितलं. ती म्हणाली, मोंढ्यातल्या झुणक्यालाही खूण आहे, तिथं तर कुत्री बसतात. मी म्हटलं, कुत्री बाहेर बसतात.

खूण स्वच्छतेची नव्हती. जिथं आडनाव विचारत नाहीत तिथं ती होती.

आम्ही अर्धापूरकडच्या एका गावातले. मी जन्मण्याच्या आधीच आमची वस्ती बौद्ध झाली होती. नांदेडला कॉलेजात आणि नंतर नोकरीत मला कुणी तोंडावर काही बोललं नाही, हे खरं. पण महिन्याची खानावळ लावायला गेलं की मालक किंवा मालकीण आधी नाव विचारायची, मग आडनाव, मग गाव, आणि गावावरही भागलं नाही तर गावात घर कोणत्या बाजूला ते. त्यानंतर जागा शिल्लक नसल्याचं कळायचं. दोनदा असं झाल्यावर मी धडा घेतला. रोख पैसे देऊन एका वेळचं जेवणाऱ्याला कुणी काही विचारत नाही. मंथली लावली तर जेवण बरंच स्वस्त पडतं. तरी मी कधी मंथली लावली नाही. मैत्रीण चकित व्हायची. काडेपेटीच्या काड्या मोजणारी ही बाई रोजच्या जेवणाला जास्तीचे पैसे का देते, हे तिला उलगडत नव्हतं. मी सांगायची की मला रोज वेगळं खायला आवडतं. हे म्हणत मी वर्षभर बहुतेक दिवस एकाच खानावळीत जेवत होते.

ती खानावळ गंजगोलाईच्या मागं होती. चालवणारी बाई निलंग्याकडची, पन्नाशीची, एकटीच्या हिमतीवर तीन चुली सांभाळणारी. सगळे तिला मावशी म्हणायचे. बोलता बोलता कानडी शब्द यायचे, वाढताना "साकू?" म्हणून विचारायची, म्हणजे पुरे का. ज्वारीची भाकरी, येसर मसाल्याची आमटी, शेंगदाण्याची चटणी, एक पालेभाजी असली तर. बाहेर बाकांच्या तीन ओळी पुरुषांना, आणि बाजूच्या दारानं आत गेलं की पडदा लावलेली एक खोली बायकांना आणि कुटुंबांना. तिनं मला पहिल्या दिवशी एवढंच विचारलं होतं, की तिखट चालतं का. मी यादीत खूण केली.

आता वडिलांचं सांगते, कारण हे लिहायला बसले ते त्यांच्यामुळं.

माझे वडील आयुष्यात कधी हॉटेलात जेवले नव्हते. चहाही प्यायले नव्हते. त्यांच्या तरुणपणी बाजाराच्या गावी आमच्या लोकांना हॉटेलच्या मागच्या बाजूला बसावं लागायचं. चहाची कपबशी वेगळी, खुंटीला अडकवलेली, पिऊन झाल्यावर आपली आपण धुऊन ठेवायची. खायला काही घेतलं तर पानावर, लांबून टाकलेलं. पाणी वरून, ओंजळीत. बौद्ध झाल्यावर वस्तीनं ठरवलं की असं काही घ्यायचं नाही. हळूहळू हॉटेलं बदलली, खुंट्या गेल्या, वस्तीतली पोरं आत बाकावर बसून भजी खाऊ लागली. वडील मात्र गेले नाहीत. शहरात आले की फडक्यात बांधलेली भाकरी झाडाखाली सोडायची. नांदेडला असले तर लंगरात जेवायचे. तिथं सगळे एका ओळीत बसतात, एवढंच ते त्याबद्दल बोलायचे.

मी दर पत्रात त्यांना लिहायची की इथं मी टेबलाशी बसून, सगळ्यांसारखी जेवते. मला त्यांना एकदा तसं बसवायचं होतं. पहिल्या पगारापासून ते मनात होतं. त्यांना वेळ नसायचा. दुसऱ्यांच्या केळीच्या बागांत घड कापायचं आणि ट्रक भरायचं त्यांचं काम बारमाही होतं. दुष्काळात विहिरी आटल्या, बागा वाळल्या आणि काम थांबलं. मी तीन दिवसांची रजा काढून घरी गेले आणि लातूर बघायला चला म्हणून त्यांच्या मागं लागले. नवं ऑफिस दाखवते, म्हटलं. जेवणाचं मुद्दाम बोलले नाही.

कुठं न्यायचं ते मी यादी समोर घेऊन ठरवलं होतं. महिन्याचा पहिला आठवडा होता, तेव्हा पंख्याचं हॉटेल परवडत होतं. पण तिथं काट्या-चमच्यांची पद्धत होती आणि पाणी नसल्यानं त्यांनी जेवण बंद करून नुसता चहा ठेवला होता. शिवाय वडिलांना भाकरीशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही. मावशींची खानावळ सगळ्या रकान्यांत पास होत होती. घरच्यासारखं जेवण, स्टीलची ताटं, स्टीलचे ग्लास, पंखा नसला तरी खिडकी. आणि पडद्याची खोली. तिथं वडिलांकडं कुणी बघणार नाही, त्यांना अवघडल्यासारखं होणार नाही. मी फार बारकाईनं विचार केला होता.

आम्ही सकाळच्या एसटीनं निघालो आणि जेवणवेळेला पोचलो. बाजूच्या दारानं आत गेलो, खोलीत आम्ही दोघंच होतो. वडिलांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, मग परत घातली. टेबलावरून एकदा हात फिरवला. मावशी घाईत होत्या. वडिलांना नमस्कार करून त्यांनी दोघांपुढं पत्रावळी टाकल्या. पत्रावळी बघून मला जरा नवल वाटलं, पण ती भाकरी, आमटी, चटणी बघून मी विसरले. प्रवासात घसा कोरडा पडला होता. मावशी तांब्या घेऊन आल्या आणि हात पुढं करा म्हणाल्या, वरून घालते. मी ओंजळ केली आणि गटागटा प्यायले. मग तांब्या वडिलांकडं वळला. ते हलले नाहीत. बाहेरून कुणीतरी हाक मारली, तशा मावशी तांब्या टेबलावर ठेवून गेल्या.

वडिलांचे दोन्ही हात मांडीखाली होते.

"माय," ते म्हणाले, "तू रोज असंच पितीस?"

आमच्याकडं बाप लेकीला माय म्हणतो. त्यांचा आवाज रागाचा नव्हता, म्हणून मला आधी कळलंच नाही. मग पत्रावळ दिसली, तांब्या दिसला, माझे ओले हात दिसले. पडद्याआड आम्ही दोघंच. मी केलेली सगळी व्यवस्था त्यांच्या जागेवरून कशी दिसत असेल ते मला एकदम दिसलं.

मी उठून पडदा पूर्ण सरकवला. बाहेर तिन्ही ओळी भरलेल्या होत्या. काळ्या कोटातले दोन वकील, मोंढ्यातले अडते, एक हवालदार, हमाल, सगळे पत्रावळीवर जेवत होते. हवालदार मान मागं टाकून ओंजळीनं पाणी पीत होता आणि पाणी त्याच्या कोपरावरून ओघळत होतं. पुढच्या दाराशी पाटीवर खडूनं लिहिलं होतं: पाणी कमी आहे, पानावर जेवावे, पाणी वरून प्यावे. मी रजेवर असतानाच्या तीन दिवसांत हा नियम निघाला होता. बाजूच्या दारानं येणाऱ्याला पाटी दिसत नव्हती.

वडिलांनी पाटी अक्षर लावून वाचली. ते रात्रशाळेत वाचायला शिकले होते, सावकाश पण चुकत नसत. मग त्यांनी तिन्ही ओळी बघितल्या.

"समद्यांला सारखंच हाय," ते म्हणाले.

मला वाटलं संपलं. आता जेवा की, बा, म्हणून मी भाकरी त्यांच्याकडं सरकवली. ते मावशींकडं बघत होते. मावशी लांबच्या ओळीत आमटी वाढत होत्या.

"ह्या बाईला म्हायत हाय का, आपण कोण ते?"

"इथं कुणी विचारत नाही, बा." मी हे अभिमानानं सांगितलं. वर्षभर शोधून काढलेली जागा होती ती.

"विचारत न्हाई म्हंजे म्हायत न्हाई."

"माहीत नसलं तर काय बिघडलं?"

"बिघडलं काय न्हाई. पर मग हे पान माझं न्हाई. हिनं दुसऱ्याच कुणाला वाढलंय. त्याला बलाव, तो जेवंल."

पत्रावळीवर आमटी पसरत चालली होती. थोड्या वेळानं ते म्हणाले की तू जेव, अन्न टाकू नको. ते टोपी घालून, हात मांडीखाली ठेवून समोर बसले आणि मी जेवले. तसं जेवण मी परत कधी जेवले नाही. त्यांच्या पानावरचं मी कागदात बांधून घेतलं. मावशींना सांगितलं, पोट बिघडलंय त्यांचं.

खोलीवर मी पिठलं टाकलं आणि ते दोन भाकऱ्या खाऊन पाणी प्यायले, सावकाश, ग्लास ओठाला लावून. बांधून आणलेलं मैत्रिणीनं संध्याकाळी खाल्लं आणि चटणी आज फार उतरलीय म्हणाली. दुपारी मी त्यांना ऑफिस दाखवलं. पाटीवर जिल्ह्याचं नाव होतं, रंग अजून नवा होता. त्यांनी तीही पाटी वाचली. माझ्या खुर्चीवर बसा म्हटलं तर बसले, दोन्ही हात टेबलावर ठेवले, उठले. चारच्या एसटीनं परत गेले. स्टँडवर खिडकीतून एवढंच म्हणाले की उन्हाचं हिंडत जाऊ नको.

पुढचे दोन दिवस मी जेवायला मोंढ्यात गेले. माझा राग वडिलांवर होता. एवढ्या लांब आणलं, एवढं जुळवलं, आणि त्यांनी एका प्रश्नात सगळं उलटं केलं. तिसऱ्या दिवशी राग उतरला आणि प्रश्न तसाच राहिला. मी वर्षभर जे जेवले ते कुणाला वाढलेलं होतं?

मी अडचण लांबवणारी बाई नाही. चार वाजता, चुली थंड असताना खानावळीत गेले. मावशी सुपात डाळ निवडत बसल्या होत्या. मला बघून त्यांनीच आधी विचारलं, की तुमच्या वडिलांनी पान सोडलं ते आमटी खारट झाली होती का. पोटाचं कारण त्यांना पटलेलं नव्हतं. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं. आडनाव, गाव, गावात घर कोणत्या बाजूला, बौद्ध व्हायच्या आधी आम्ही कोण होतो. वडिलांचं आणि ओंजळीचंही सांगितलं. बोलताना मी सुपातले खडे बघत होते.

मावशींचा हात थांबला नाही. "ते मला गेल्या दिवाळीतच कळलं," त्या म्हणाल्या. "तुमच्या हापिसातला शिपाई इथं जेवतो की."

मग बोलला का नाहीत, मी विचारलं.

"काय बोलू? तुम्ही रोज रोख देऊन जाता. मंथलीचं कधी नाव काढलं नाही. मला वाटलं, बाईला आपल्या हातचं महिनाभर जमायचं नाही."

मला हसू आलं आणि लगेच गेलं. वडिलांची चूक झाली होती: विचारत नसल्या तरी मावशींना माहीत होतं. पण माझी चूक मोठी होती. मी जे लपवत होते ते खानावळभर ठाऊक होतं आणि लपवण्याची किंमत मी दर दिवशी मोजत होते. मावशींनी सुपातला एक खडा काढून टाकला आणि म्हणाल्या की ग्लास मागायचा होता, म्हाताऱ्या माणसाला एक ग्लास द्यायला मी काय मरते का. त्यांना ते एका ग्लासाइतकंच वाटलं. मी समजावत बसले नाही. मंथली लावून उठले.

खोलीवर आल्यावर मात्र मन परत मागं गेलं. त्यांना दिवाळीपासून माहीत होतं. मग दिवाळीनंतर काही बदललं होतं का? ताट तेच होतं का? पडद्याच्या खोलीत मला बसवायच्या ते बाई म्हणून, की आणखी कशासाठी? मी महिन्यामागून महिना आठवला, ऑफिसात जुन्या फायली तपासतात तसा. इतर बायकाही तिथंच बसायच्या. ताटं एकाच ढिगातून यायची. भाकरी कमी पडली तेव्हा मावशींनी स्वतःच्या ताटातली अर्धी मला दिली होती, तीही दिवाळीनंतरच. काही सापडलं नाही. तरी असं तपासत बसावं लागलं, हे विसरता येत नाही. मैत्रिणीला सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली की तुझ्या शेवटच्या रकान्याचा अर्थ मला केव्हाच कळला होता. विचारलं असतं तर तू यादी दाखवायची बंद केली असतीस.

वडिलांना मी पत्र लिहिलं. पोस्टकार्ड सगळे वाचतात म्हणून आंतरदेशीय घेतलं. दोनच ओळी: त्या बाईंना आधीपासून माहीत होतं. मी आता तिथं महिन्याची जेवते. उत्तराचं पोस्टकार्ड आलं, अक्षर शेजारच्या शाळकरी मुलीचं, शब्द वडिलांचे. लिहिलं होतं की तिला माहीत आहे हे तू सांगतेस, मी येऊन बघतो.

काय येऊन बघणार, ते मला कळलं नाही. पंधरा दिवसांनी ते आले. या खेपेला ऑफिसकडं न येता थेट गंजगोलाईला उतरले आणि खानावळीच्या पुढच्या दारापाशी माझी वाट बघत थांबले. जेवणाची गर्दी होती. मी बाजूच्या दाराकडं निघाले तर ते पुढच्या दारानंच आत शिरले आणि मावशी पैसे घ्यायला बसतात त्या टेबलापुढं जाऊन उभे राहिले. काखेतलं फडकं सोडलं. आत आईनं केलेले धपाटे होते, सकाळचे, ज्वारी-बेसनाचे, तेल सुटलेले.

"हिच्या मायनं केल्यात," ते म्हणाले. "घ्या."

तेव्हा मला कळलं ते काय बघायला आले होते. आम्हाला वाढणारे लोक गावातही भेटतात. आमच्या हातचं खाणारे शोधावे लागतात. केळी, सीताफळं कुणीही घेतं, ती देवानं केलेली असतात. धपाटा चुलीवरचा असतो. आमच्या आईनं आजवर दिवाळीला दिलेलं फराळाचं ताट लोकांनी हसून घेतलं होतं आणि ठेवा तिथं, सावकाश खाते, म्हटलं होतं. ते सावकाश म्हणजे काय, ते घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला दोघांनाही माहीत असायचं. मावशी तेच म्हणतील अशी माझी जवळजवळ खात्री होती, आणि त्यात त्यांचा दोषही दिसला नसता, कारण समोर गर्दी होती आणि हात पिठाचे होते. मला वाटलं, वडिलांनी हे विचारायला नको होतं. वर्षभराचं चाललेलं होतं ते चालू द्यायला हवं होतं.

मावशींनी हात पदराला पुसले. धपाट्याचा तुकडा मोडला, तिथंच उभ्यानं तोंडात टाकला आणि चावत वडिलांकडं बघत राहिल्या.

"ओवा लई झाला," त्या म्हणाल्या.

"हाव," वडील म्हणाले. "मी तेच म्हणलो हिच्या मायला. ऐकती व्हय ती."

मावशींनी दुसरा तुकडा मोडला. निलंग्याकडं ह्यात तीळ घालतात, म्हणाल्या, आणि फडकं उचलून आपल्या बसायच्या जागेमागं खुंटीला अडकवलं. कुणीतरी सुटे मागत होतं, त्या तिकडं वळल्या. आजूबाजूच्या कुणाला काही घडल्याचं कळलं नाही. वकील आपल्या केसबद्दल बोलत होते.

वडिलांनी टोपी काढून खिशात घातली. पहिल्या ओळीत एका हमालाशेजारी जागा होती, तिथं जाऊन ते बसले. पत्रावळ यायच्या आधी तांब्या आला. त्यांनी दोन्ही हातांची ओंजळ करून पुढं धरली.

मी सवयीनं पडद्याच्या खोलीकडं वळले होते. ओंजळीतलं पाणी पिऊन त्यांनी तोंड पुसलं आणि मान वळवली.

"तिकडं कुठं निघाली, माय? बस की इथं."

हमाल सरकला. मी बसले.